ऑनलाइन अकाउंट कायमचं बंद करताना: आधी काय, नंतर काय

जुनं अकाउंट बंद करायचं ठरलं की बहुतेकजण थेट ‘डिलीट अकाउंट’ कुठे आहे ते शोधायला लागतात. बटण सापडतं, दाबलं जातं आणि मग एकेक आठवायला लागतं. फोटो तिथेच राहिले, आणखी दोन ॲपचं लॉगिन त्याच अकाउंटवरून होत होतं, आणि महिन्याचे पैसे तर अजून कापले जातायत. गेल्या काही काळात मी माझी वापरात नसलेली अकाउंट एकेक करून बंद केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: हे काम अवघड नाही, पण क्रम बिघडला की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. म्हणून हा लेख क्रमानेच लिहिलाय. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या पायरीकडे वळू नका.

‘पडून आहे तर राहू दे की’ असं वाटत असेल तर थोडा विचार करा. पडून असलेल्या अकाउंटचा पासवर्ड सहसा जुना असतो आणि बऱ्याचदा तोच पासवर्ड इतर ठिकाणीही वापरलेला असतो. ती साइट कधी फुटली, म्हणजे तिथली माहिती चोरीला गेली, तर चोर तोच ईमेल आणि पासवर्ड घेऊन दुसऱ्या शंभर साइटवर प्रयत्न करतात. हे काम आपोआप चालणारे प्रोग्राम करतात, त्यामुळे ‘माझ्या मागे कोण लागणार’ या समजुतीला काही अर्थ नाही. शिवाय तिथे काय चाललंय हे तुम्ही बघतही नसता.

हाताशी काय काय हवं

- अकाउंटला जोडलेला ईमेल आणि मोबाइल नंबर. दोन्ही चालू हवेत, कारण ओटीपी तिथेच येणार.
- पासवर्ड, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू असेल तर ऑथेंटिकेटर ॲप किंवा बॅकअप कोड.
- शक्यतो कॉम्प्युटर. काही साइटचे बंद करण्याचे पर्याय ॲपमध्ये सापडता सापडत नाहीत, ब्राउझरमध्ये सापडतात.
- डेटा उतरवून ठेवायला पुरेशी मोकळी जागा असलेली हार्ड डिस्क.
- एक वही किंवा साधी एक्सेल शीट. रकाने असे: अकाउंटचं नाव, कोणत्या ईमेलवर आहे, बंद करण्याची विनंती कधी केली, कायमचं कधी हटणार, तक्रार क्रमांक.

ही वही अगदी पहिल्या दिवसापासून ठेवा. चार-पाच अकाउंट एकाच वेळी बंद होण्याच्या वाटेवर असली की कुणाची मुदत कधी संपते ते लक्षात राहत नाही.

१. अकाउंट कुठे कुठे आहेत ते शोधा

सुरुवात ईमेलपासून करा. इनबॉक्समध्ये ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’, ‘पासवर्ड रीसेट’, ‘अनसबस्क्राइब’ असे शब्द शोधा. हे शब्द इंग्रजी लिपीतही टाकून बघा. विसरलेल्या कितीतरी साइट वर येतील. मग ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी उघडा. त्यानंतर गूगल, फेसबुक आणि ॲपल या तिन्हींच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्या लॉगिनवर कोणकोणती ॲप चालतात ती यादी बघा. मला सर्वांत जास्त माहिती या तिसऱ्या यादीतून मिळाली.

‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइटही उपयोगी आहे. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे ईमेल टाकला की तो कोणत्या डेटाचोरीत सापडला आहे ते कळतं. यादीत आलेली अकाउंट आधी हाताळा, आणि तिथला पासवर्ड इतर कुठे वापरला असेल तर तो आजच बदला. अकाउंट बंद होईपर्यंत थांबू नका.

पासवर्ड आठवत नसेल तर रीसेट करून आत शिरा. त्याच साइटवर नवं अकाउंट काढून जुन्याबद्दल विचारत बसू नका; बंद करायची दोन अकाउंट होतात.

२. तात्पुरतं बंद करायचंय की कायमचं, ते ठरवा

फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे अकाउंट गेलं, असं अनेकांना वाटतं. ॲप काढल्याने फक्त फोनवरचा पसारा कमी होतो. कंपनीकडची माहिती जशीच्या तशी राहते.

‘डीॲक्टिव्हेट’ म्हणजे अकाउंट झाकून ठेवणं. प्रोफाइल लोकांना दिसत नाही, पण डेटा सगळा कंपनीकडेच असतो. फेसबुक डीॲक्टिव्हेट केलं तरी मेसेंजर चालू ठेवता येतो, यावरून काय ते समजा. ‘डिलीट’ म्हणजे कायमचं हटवणं. अनेक साइट हे दोन पर्याय शेजारी ठेवतात, डीॲक्टिव्हेटचं बटण आधीच निवडलेलं असतं आणि डिलीटचा पर्याय त्याखाली बारीक अक्षरात असतो. घाईने ‘पुढे’ दाबत गेलात तर अकाउंट झाकलं जाईल, हटणार नाही.

३. पैशांचे व्यवहार आधी मिटवा

ॲप काढलं किंवा अकाउंट डिलीट केलं तरी सबस्क्रिप्शन आपोआप थांबेलच असं नाही. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन त्या स्टोअरच्या सेटिंग्जमधूनच रद्द करावं लागतं. अकाउंट हटवल्यावर पैसे कापले गेले तर भांडायला तुमच्याकडे लॉगिनही उरत नाही. म्हणून आधी सबस्क्रिप्शन रद्द करा, रद्द झाल्याचा मेल जपून ठेवा, मग साठवलेलं कार्ड काढा, ऑटो-पे असेल तर बँकेच्या बाजूनेही बंद करा.

वॉलेटमधली शिल्लक, गिफ्ट कार्ड, न मिळालेला रिफंड, जमलेले पॉइंट हेही बघून घ्या. वॉरंटी चालू असलेल्या वस्तूंची बिलं पीडीएफमध्ये उतरवून ठेवा.

४. या अकाउंटवर आणखी काय अवलंबून आहे

मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतःला हे प्रश्न विचारा:

- या अकाउंटने दुसरीकडे लॉगिन होतं का? होत असेल तर त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन ईमेल आणि पासवर्ड टाकून स्वतंत्र लॉगिन तयार करा. मग बाहेर पडून त्या नव्या लॉगिनने पुन्हा आत शिरून बघा.
- हा ईमेल दुसऱ्या कुठल्या अकाउंटचा रिकव्हरी ईमेल (पासवर्ड विसरल्यावर ज्यावर रीसेटचा मेल येतो तो) आहे का?
- एखाद्या पेजचे किंवा ग्रुपचे तुम्ही एकटेच ॲडमिन आहात का? असाल तर आधी दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करा.
- तुम्ही तयार केलेल्या फाइल इतर लोक वापरतात का? गूगल ड्राइव्हमधल्या फाइलची मालकी तुमची असेल तर तुमच्या अकाउंटबरोबर ती फाइल सगळ्यांसाठीच नाहीशी होते. मालकी बदला किंवा त्यांना प्रत काढून घ्यायला सांगा.
- गूगल अकाउंट असेल तर यूट्यूब चॅनेल आणि प्ले स्टोअरवरून विकत घेतलेली ॲपसुद्धा त्याबरोबर जातात, हे मान्य आहे का?

ज्या फोनवर हे अकाउंट चालू आहे, त्या फोनमधून ते रीतसर काढून टाका. अँड्रॉइड फोन नंतर कधी रिकव्हरी मेनूतून रीसेट करावा लागला, तर तो जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो, आणि तोवर ते अकाउंट अस्तित्वात नसेल.

५. तुमचा डेटा उतरवून घ्या, आणि उघडून बघा

बहुतेक मोठ्या कंपन्या डेटा उतरवून घ्यायची सोय देतात. गूगलची सोय ‘टेकआउट’ नावाने आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राममध्ये ती सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये सापडते.

इथे चार गोष्टी नीट बघा. पहिली, कालावधी. फेसबुकवर डेटा मागताना तारखांचा पर्याय असतो. तिथे ‘ऑल टाइम’ निवडलंय ना, ते तपासा. दुसरी, फोटोंचा दर्जा. ‘हाय’ निवडा, कारण मूळ फोटो परत मिळणार नाहीत. तिसरी, फाइलचा प्रकार. एचटीएमएल घेतलं तर ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतं. जेसन हे दुसऱ्या सेवेत डेटा न्यायचा असेल तेव्हा बरं पडतं. स्वतःच्या आठवणींसाठी हवं असेल तर एचटीएमएल घ्या. चौथी, मुदत. टेकआउटची डाउनलोड लिंक साधारण ७ दिवसांत बाद होते. मेल आला की लगेच उतरवून घ्या.

फाइल उतरली म्हणजे काम झालं नाही. टेकआउट मोठं असलं की ते अनेक झिप फाइलमध्ये येतं. सगळ्या झिप उघडतायत का, ते बघा. फोटोंचं फोल्डर उघडा: तिथे फोटोंबरोबर त्याच नावाच्या छोट्या जेसन फाइल दिसतील. कचरा समजून त्या उडवू नका. फोटो कधी, कुठे काढला ही माहिती बऱ्याचदा त्यांच्यातच असते. अधूनमधून पाच-सहा फोटो, एखादा जुना व्हिडिओ, एखादं जुनं संभाषण उघडून बघा. खात्री झाली की दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत काढा.

व्हॉट्सॲपचं थोडं वेगळं आहे. तिथे ‘रिक्वेस्ट अकाउंट इन्फो’ म्हणून जो अहवाल मिळतो, तो यायला साधारण तीन दिवस लागतात आणि त्यात तुमचे मेसेज नसतात. जपायची संभाषणं प्रत्येक चॅटमध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट चॅट’ने वेगळी काढावी लागतात.

उतरवलेली फाइल हीच आता सर्वांत नाजूक वस्तू आहे, कारण तुमचं सगळं आयुष्य एका जागी आलेलं असतं. ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहू देऊ नका. ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर तर हे काम करूच नका. डिस्कला पासवर्ड लावा.

६. बंद करण्याआधी आतून साफ करा

कंपनी ‘डिलीट’ म्हणते तेव्हा नेमकं काय हटवते, यावर आपला ताबा नसतो. ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटचं उदाहरण प्रसिद्ध आहे. सगळी माहिती पुसण्यासाठी ती साइट १९ डॉलर घेत असे. २०१५ मध्ये साइट फुटली, तेव्हा पैसे भरून बाहेर पडलेल्या लोकांचीही माहिती तिच्याकडे उरलेली होती, हे उघड झालं. म्हणून जेवढं आपल्या हातात आहे तेवढं आपणच आधी काढावं.

साठवलेले पत्ते, जन्मतारीख, प्रोफाइल फोटो आणि अपलोड केलेली ओळखपत्रं काढा. ॲपने फोनमधून उचललेले कॉन्टॅक्ट हटवायचा पर्याय वेगळा असतो, तो शोधा. तो डेटा तुमच्या ओळखीच्या माणसांचा आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. लोकेशनचा इतिहास आणि शोधांचा इतिहास पुसा. इतर ॲपना दिलेली परवानगी काढून घ्या.

जी माहिती रिकामी सोडता येत नाही, तिथे किरकोळ साइटवर निरर्थक मजकूर भरून सेव्ह करता येतो. मात्र बँक, विमा, कर किंवा सरकारी सेवेच्या अकाउंटवर हे कधीही करू नका. तिथे खोटी माहिती भरणं अंगाशी येईल.

दुसऱ्यांना पाठवलेले मेसेज तुमच्या अकाउंटबरोबर जात नाहीत, हेही माहीत असू द्या. फेसबुकवरची संभाषणं समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहतात, फक्त तुमचं नाव जातं. एखादा मेसेज खरोखर काढायचा असेल तर अकाउंट चालू असतानाच ‘सगळ्यांसाठी हटवा’ हा पर्याय मिळतो का, ते बघा.

७. आता बटण दाबा

पत्ता स्वतः टाइप करून साइटवर जा आणि सेटिंग्जमधूनच पर्याय शोधा. इंटरनेटवर ‘अमुक अकाउंट डिलीट कस्टमर केअर नंबर’ असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. या नावाखाली भामट्यांनी पेरलेले नंबर भरपूर आहेत. ते मदतीच्या नावाखाली ओटीपी मागतात किंवा स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतात. अकाउंट बंद करण्यासाठी कोणत्याही कंपनीला तुमचा ओटीपी फोनवरून ऐकायची गरज नसते. ‘तुमचं अकाउंट बंद होणार आहे, थांबवायचं असेल तर इथे क्लिक करा’ अशा मेलमधल्या लिंकलाही हात लावू नका.

प्रक्रियेत बऱ्याच साइट तुम्हाला थांबवायचा प्रयत्न करतील: कारण विचारतील, सवलत देतील, मित्रांचे फोटो दाखवतील. शांतपणे पुढे जा. शेवटच्या पानावर अकाउंट कधी कायमचं हटणार ती तारीख दिसली तर तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि वहीत लिहा.

मुदती वेगवेगळ्या असतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ३० दिवस विचार बदलायची संधी देतात आणि त्यानंतर सगळा डेटा हटायला एकूण ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ३० दिवस अकाउंट निष्क्रिय राहिलं की ते हटतं. मायक्रोसॉफ्ट ३० की ६० दिवस हे तुम्हालाच निवडू देतं. व्हॉट्सॲप मात्र संधी देत नाही. तिथे डिलीट केलं की परत फिरता येत नाही, सगळ्या ग्रुपमधूनही तुम्ही बाहेर पडता.

मुदत असेल त्या काळात ‘बंद झालंय का’ हे बघायला लॉगिन करू नका. लॉगिन केलं की बहुतेक ठिकाणी डिलीटची विनंती रद्द होते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. सगळ्या फोन-टॅबवरून लॉगआउट व्हा, ब्राउझरमधला साठवलेला पासवर्डही काढा. घरातल्या जुन्या टॅबवर ॲप उघडं राहिलं असेल तर तिथूनही विनंती रद्द होऊ शकते.

८. बटणच नसेल तर लेखी मागणी करा

ॲपल कंपनीने ३० जून २०२२ पासून नियम केला आहे की ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं, त्या ॲपमध्येच ते हटवायची सोयही हवी. गूगल प्लेचा नियम आणखी पुढे जातो: ॲप फोनवर नसेल तरी वेबवरून हटवण्याची विनंती करता यायला हवी. त्यामुळे प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावरचा ‘डेटा सेफ्टी’ हा भाग उघडून बघा. लिंक बऱ्याचदा तिथे मिळते.

तरीही काही सापडलं नाही, तर साइटच्या प्रायव्हसी पॉलिसीत तळाशी संपर्काचा ईमेल असतो. त्यावर, अकाउंट ज्या ईमेलवर आहे त्याच ईमेलवरून, असं काहीतरी पाठवा. कंपनी परदेशी असेल तर तिच्या भाषेत पाठवा:

*विषय: माझं अकाउंट आणि वैयक्तिक माहिती हटवण्याची विनंती*

*या ईमेल पत्त्यावर आपल्याकडे माझं अकाउंट आहे. ते कायमचं बंद करावं आणि माझी सगळी वैयक्तिक माहिती हटवावी. आपण ही माहिती ज्यांना दिली आहे, त्यांनाही ती हटवायला कळवावं. कायद्यानुसार काही नोंदी ठेवणं आवश्यक असेल तर कोणत्या नोंदी, किती काळासाठी, ते लिहून कळवावं. काम पूर्ण झाल्याचं उत्तर याच पत्त्यावर द्यावं.*

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यामुळे नुसतं ‘तुमची विनंती मिळाली’ असं उत्तर देऊन विषय मिटवता येत नाही.

कायदा तुमच्या बाजूने कितपत आहे हे देशावर अवलंबून आहे. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १७व्या कलमात माहिती खोडून घेण्याचा हक्क आहे आणि सर्वसाधारणपणे कंपनीने महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ही मुदत ४५ दिवसांची आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हा हक्क दिलेला आहे आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठेवली आहे. पण कुठेही हा हक्क सरसकट नाही. कर, बिलं, बँकेचे व्यवहार यांच्या नोंदी कायद्यानेच काही वर्षं ठेवाव्या लागतात. त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

एका खरेदीच्या साइटने माझ्याकडे ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. ते अकाउंट उघडताना मी फक्त ईमेल दिला होता. मी तेवढंच लिहून कळवलं, की त्याच ईमेलवरून विनंती करतोय आणि ओळख पटवायला ते पुरेसं आहे. त्यांनी ते मान्य केलं. माहिती हटवून घेण्यासाठी आणखी माहिती द्यायची वेळ आली तर आधी असं विचारून बघा. देणं भागच पडलं तर प्रतीवर ‘फक्त अकाउंट बंद करण्यासाठी’ आणि तारीख असं आडवं लिहा आणि गरज नसलेले आकडे झाका.

९. मुदत संपल्यावर तपासा

वहीतली तारीख उलटल्यावर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (जिथे तुमचं कुठलंच लॉगिन चालू नसतं) तुमच्या जुन्या प्रोफाइलचा पत्ता उघडून बघा. मग तुमचं नाव आणि जुनं युजरनेम सर्च करा. पान हटलेलं असूनही गूगलच्या निकालात जुना मजकूर दिसत असेल, तर कालबाह्य मजकूर काढण्यासाठी गूगलचा वेगळा फॉर्म आहे, तो भरा. पान अजून चालूच असेल तर त्या फॉर्मचा उपयोग नाही, आधी साइटकडेच जावं लागेल.

जाहिरातींचे मेल त्यानंतरही येत राहिले, तर तुमचा पत्ता त्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. आठव्या पायरीतलं पत्र पुन्हा पाठवा आणि जुन्या पत्राची तारीख त्यात लिहा.

१०. ईमेल आणि मोबाइल नंबर सगळ्यात शेवटी

ईमेल ही बाकीच्या सगळ्या अकाउंटची किल्ली आहे. तो आधी बंद केला तर पासवर्ड रीसेट होणार नाहीत आणि उरलेली अकाउंट कायमची अडकतील. म्हणून वहीतलं प्रत्येक अकाउंट बंद झाल्याची खूण झाल्याशिवाय ईमेलला हात लावू नका. त्यानंतरही काही महिने तो चालू ठेवा आणि काय येतंय ते बघा. वर्षातून एकदाच मेल पाठवणाऱ्या सेवा तेव्हाच लक्षात येतात.

ईमेल बंद करण्याआधी ती कंपनी जुने पत्ते दुसऱ्याला देते का, हे तिच्या नियमांत वाचा. जीमेलचा हटवलेला पत्ता पुन्हा कुणालाही मिळत नाही. याहूने मात्र २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या लोकांना वाटले होते, आणि त्यांतल्या काहींच्या इनबॉक्समध्ये जुन्या मालकांचे खाजगी मेल येऊन पडले. पत्ता पुन्हा वाटला जाण्याची शक्यता असेल तर तो बंद करू नका. आतला सगळा मजकूर पुसा, मजबूत पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि कंपनीच्या नियमात बसेल इतक्या वेळा लॉगिन करत राहा. गूगल अकाउंट वैयक्तिक असेल आणि दोन वर्षं वापरलं नाही, तर गूगल ते हटवू शकतं.

मोबाइल नंबर तर हमखास दुसऱ्याकडे जातो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांचे, नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यांतले १७१ नंबर कुणाच्या ना कुणाच्या चालू अकाउंटला अजून जोडलेले होते. म्हणजे नवा ग्राहक ‘पासवर्ड विसरलो’ दाबेल तर ओटीपी त्याच्याच फोनवर येईल. सिम परत करण्याआधी बँक, ईमेल, सरकारी सेवा आणि व्हॉट्सॲप या क्रमाने नवा नंबर टाकून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये त्यासाठी ‘चेंज नंबर’ हा वेगळा पर्याय आहे. प्रत्येक ठिकाणी नव्या नंबरवर एक ओटीपी मागवून तो येतो का ते बघा, वहीत खूण करा, मग सिम परत करा.